मेण, व्हिनेगर आणि कांद्याची सालं

लाल कोबी बारीक चिरून पाण्यात अर्धा तास उकळला की पाण्याला गडद जांभळा रंग येतो. ते गाळून गार केलं आणि त्यात व्हिनेगर घातलं की जांभळ्याचं किरमिजी होतं. या किरमिजी पाण्यात एक पांढरं उकडलेलं अंडं सोडायचं, भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी चमच्याने अंडं बाहेर काढायचं. पाणी अजून किरमिजीच असतं, पण अंडं निळं होऊन येतं. स्वच्छ, गाढ निळं.

कोबीतल्या या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ, कोकम, जास्वंद यांतही याच कुळातली द्रव्यं असतात. आम्ल भेटलं की ती लालसर होतात आणि आम्लाचा जोर ओसरला की निळ्याकडे झुकतात. अंड्याचं कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. खडू आणि संगमरवर याच पदार्थाचे. हा पदार्थ त्याला टेकलेलं आम्ल मारून टाकतो. त्यामुळे भांड्यातलं पाणी आहे तसंच राहतं आणि कवचाला चिकटलेला थर तेवढा निळा होतो.

ईस्टरची अंडी सजवायला माणसं बहुधा स्केचपेन, चमकी आणि स्टिकर घेऊन बसतात. मुलांना त्यात मजा येते, ती येऊ द्यावी. पण अंड्याकडे नुसता गोल कागद म्हणून पाहिलं तर त्याच्या अंगची निम्मी गंमत वाया जाते. हे कवच रंग धरतं, आम्लात विरघळतं, सुईने खरवडता येतं आणि त्यावर मेण घट्ट बसतं. पूर्व आणि मध्य युरोपातल्या खेड्यांत अंडी सजवण्याच्या ज्या पद्धती पिढ्यानपिढ्या टिकल्या, त्या यांतल्या एकेका गुणावर उभ्या आहेत. गुण ओळखला की नक्षी आपोआप सुचत जाते. आणि लागणारं बहुतेक सामान आपल्या स्वयंपाकघरात असतंच.

मुळात सणाला अंडंच का, याचं उत्तर थोडं धर्मात आणि थोडं खुराड्यात आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतंही वर्ज्य असे. कोंबड्या मात्र याच दिवसांत जोमाने अंडी घालू लागतात, कारण हिवाळा सरून दिवस मोठा होत जातो आणि त्यांचं अंडी घालणं उजेडावर अवलंबून असतं. घरोघरी अंडी साठत आणि उपवास सुटला की सणाला कामी येत. बंद कवचातून जीव बाहेर येतो, त्यात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचं प्रतीक पाहिलं गेलं. ऑर्थोडॉक्स पंथात लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा मानतात. ग्रीसमध्ये आजही ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगवली जातात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात सणासाठी सजवायच्या ४५० अंड्यांवर १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे.

आपल्याकडे वांद्रे, वसई किंवा गोव्यात ईस्टरचं अंडं म्हटलं की आधी आठवतं ते मार्झिपानचं नाहीतर चॉकलेटचं, वर साखरेची फुलं काढलेलं. ते खावं आणि वाटावं. खऱ्या अंड्यावरची कला मात्र आपल्याकडे कमी पोचली आहे, आणि ती घरी करून बघण्यासारखी आहे.

सुरुवात अंडं निवडण्यापासून. पोल्ट्रीची पांढरी अंडी, ज्यांना बाजारात कुणी 'इंग्लिश' अंडी म्हणतात, रंगासाठी सर्वांत सोयीची. गावठी अंड्याचा बदामी रंग वरच्या रंगात मिसळतो आणि निळा, पिवळा मळकट दिसू लागतो. तांबड्या-तपकिरी छटांसाठी मात्र गावठी अंडं सुरेख. अंडी साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावीत. साबण लावून तारेच्या घासणीने घासणं अगदी टाळावं. कवचावर प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर असतो आणि रंग पकडण्याचं मोठं काम तोच करतो. व्हिनेगरमुळे या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो आणि ऋण भाराचे रंगकण त्याला जाऊन चिकटतात. खायच्या रंगाच्या पाकिटावर व्हिनेगर घाला असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. लिटरभर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. हात सैल सोडला तर कवचच विरघळू लागतं, अंड्यावर बारीक बुडबुडे उमटतात आणि रंग डागाडागांनी बसतो.

घरगुती रंगांचा राजा म्हणजे कांद्याची सालं. युरोपात बाल्टिक समुद्रापासून बाल्कनपर्यंत ती वापरतात. ईस्टरच्या सुमाराला आपल्या बाजारात उन्हाळ कांदा येऊ लागतो. त्याची कोरडी, तांबूस, कागदासारखी सालं या कामाला फार चांगली. आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळावीत, गाळून पाणी गार होऊ द्यावं, व्हिनेगर घालावं, मग कच्ची अंडी त्यात ठेवून मंद आचेवर उकडावीत. आधी केशरी, मग विटकरी, मग गडद तपकिरी असा रंग चढत जातो. हवा तिथे थांबायचं. हळदीने झकास पिवळा येतो, आणि हळदीत रंगवलेलं अंडं वाळवून कोबीच्या पाण्यात ठेवलं की हिरवा. चहाच्या कडक पाण्याने बदामी. बिटाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. भांड्यात पाणी जितकं भडक दिसतं तितका रंग अंड्यावर उतरत नाही, फिकट गुलाबी-मातकट छटेवर समाधान मानावं लागतं. ओल्या अंड्याला बोट लागलं तर रंग तिथून निघतो, म्हणून चमच्याने उचलून बाटलीच्या झाकणावर वाळत ठेवावं. वाळल्यावर तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की चकाकी येते.

कांद्याच्या रंगातच पानाचा ठसा घेता येतो, आणि मुलांसोबत करायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. कोथिंबिरीचं एक पान घ्यायचं, शक्यतो कातरलेल्या कडांचं आणि कोवळं. अंडं ओलं करून त्यावर ते पान पसरायचं आणि प्रत्येक टोक बोटाने चपटं दाबायचं. जुन्या नायलॉनच्या मोज्याचा किंवा ओढणीचा तुकडा अंड्याभोवती ताणून मागे दोऱ्याने आवळायचा. इथे ढिलाई चालत नाही; पान जिथे उचललेलं राहील तिथे रंग आत शिरेल आणि ठसा पुसट होईल. हे गाठोडं कांद्याच्या पाण्यात उकडायचं, गार करायचं, दोरा कापायचा आणि पान सोलून काढायचं. तपकिरी अंड्यावर पांढरी कोथिंबीर, देठाच्या बारीक रेषेसकट. मेथी, शेवगा, टाकळा, अंगणातलं कुठलंही बारीक पान चालतं. पान अनोळखी असेल आणि अंडं खायचं असेल तर खात्री करून घ्यावी.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ईस्टर मार्चअखेर ते एप्रिलअखेरच्या दरम्यान येतो, तेव्हा घरात रंगपंचमीचे उरलेले रंग असतात. ते अंड्याला लावून ते अंडं खाऊ नये. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि रंग आतपर्यंत झिरपतो. उकडलेलं अंडं सोललं की पांढऱ्यावर रंगाचे ठिपके दिसतात ते यामुळेच. खायच्या अंड्याला खायचाच रंग. आणि आपल्या उन्हाळ्यात उकडलेली अंडी सजावट म्हणून दिवसभर टेबलावर मांडून संध्याकाळी खाणं धोक्याचं. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये जायला हवीत.

रंग चढवणं जमलं की रंग उतरवण्याकडे वळावं. पोलंडमध्ये ओपोलेच्या आसपास गडद रंगवलेल्या अंड्यावर टोकदार पात्याने खरवडून नक्षी काढतात. फुलं, पानं, वेली, सगळं बारीक पांढऱ्या रेषांत. कवच जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाड असतं, पण रंगाचा थर त्याच्या अगदी वरच्या भागातच असल्यामुळे दाब देण्याची गरज नसते. कांद्याच्या सालींत गडद तपकिरी केलेलं, पूर्ण वाळलेलं अंडं आणि एक जाड सुई घ्या. छोटे छोटे फटके मारत जायचं. लांब रेघ एका दमात ओढायला गेलं की सुई घसरते. यापेक्षाही सोपं म्हणजे लिंबाचा रस. बारीक ब्रशने रंगीत अंड्यावर रसाची रेघ ओढायची, मिनिटभर थांबून पुसायची. आम्लाने कवचाचा वरचा पापुद्रा खाल्लेला असतो आणि रेघ फिकट होते. जर्मनीच्या पूर्वेकडे लुझाटिया भागात सोर्ब नावाचा अल्पसंख्य स्लाव्ह समाज राहतो. त्यांच्याकडे हे काम पूर्वी आंबवलेल्या कोबीच्या पाण्याने करत.

याच सोर्बांची मेणाची पद्धत घरी नवशिक्यांनी आधी करावी, कारण तिला कुठलंही खास अवजार लागत नाही. हंसाच्या पिसाचं टोक ते त्रिकोणी किंवा चौकटीच्या आकारात कापतात, वितळलेल्या मेणात बुडवतात आणि अंड्यावर टेकवतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेलं की सूर्य, मधाच्या पोळ्यासारखं जाळं, चांदण्या तयार होतात. पीस नसेल तर पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खोचायची आणि तिचं डोकं मेणात बुडवायचं. नुसतं टेकवलं की गोल ठिपका, टेकवून ओढलं की शेपटीचा थेंब. या दोनच चिन्हांतून फुलंही होतात आणि झालरही. सोर्बांमध्ये धर्मपिता किंवा धर्ममाता आपल्या मानलेल्या मुलाला ईस्टरला अशी सजवलेली अंडी भेट देतात.

मेण जिथे बसतं तिथे पुढचा रंग पोचत नाही. बाटिकचं कापड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे तत्त्व परकं नाही. पण कापडावरच्या या युक्तीला अंड्यावर ज्या उंचीला नेलं गेलं, ते पाहायचं तर युक्रेनकडे जावं लागतं.

युक्रेनच्या या अंड्यांना पिसांका म्हणतात. खायची, एकरंगी, उकडलेली अंडी वेगळी. त्यांना क्राशांका म्हणतात. पिसांका खाण्यासाठी नसते. ती कच्च्या अंड्यावर करतात, आणि त्याला कारण आहे. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा मेण लावलेलं अंडं उकळता येत नाही. सगळे रंग गारच असावे लागतात. शिवाय कच्चं अंडं न फुटता राहिलं तर वर्षानुवर्षांत आतलं पाणी छिद्रांवाटे उडून जातं आणि बलकाची आक्रसलेली गोळी तेवढी आत खुळखुळत राहते.

अवजार म्हणजे काडीच्या टोकाला तारेने बांधलेलं पितळेचं किंवा तांब्याचं इवलंसं नरसाळं. ते मेणबत्तीच्या ज्योतीत तापवायचं, मधमाश्यांच्या मेणाच्या वडीत खुपसायचं, पुन्हा ज्योतीजवळ धरायचं आणि अंड्यावर टेकवायचं. हात स्थिर आणि अंडं फिरतं ठेवायचं. आपली नेहमीची पांढरी मेणबत्ती पॅराफिनची असते. ते मेण गार झालं की ठिसूळ होऊन त्याचे कपचे उडतात आणि खालून रंग शिरतो. मधमाश्यांचं मेण चिवट असतं, ते अंड्याला धरून राहतं. मध विकणाऱ्यांकडे विचारावं. अंडं फ्रिजमधून काढल्या काढल्या घेऊ नये, त्याला घाम येतो आणि मेण बसत नाही. पेन्सिलीने आखणी हलकी करावी आणि चुकली तरी खोडरबर लावू नये; जिथे रबर घासलं तिथे रंग कायमचा फिका राहतो.

आता विचार उलटा करावा लागतो, आणि खरी मौज इथे आहे. पांढऱ्या अंड्यावर आधी त्या रेषा काढायच्या ज्या शेवटी पांढऱ्या राहायला हव्यात. मग अंडं पिवळ्या रंगात. बाहेर काढून वाळवून, जे पिवळं राहायला हवं ते मेणाने झाकायचं. मग केशरी, मग लाल, शेवटी काळा, फिक्याकडून गडदाकडे. हिरवा या रांगेत बसत नाही, म्हणून तो ब्रशने हवा तिथेच लावतात, मेणाने झाकतात आणि सांडलेला हिरवा मारायला अंडं केशरीत बुडवतात. आपण काढत असतो ती प्रत्येक रेघ आधीचा रंग वाचवण्यासाठी असते. काम पुढे सरकतं तसं अंडं काळं, मेणकट, ओबडधोबड दिसत जातं. नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. पहिल्यांदा करणारा या टप्प्यावर हमखास धीर सोडतो. सोडू नये.

शेवटी ते काळं अंडं मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरायचं. वर धरलं तर काजळी बसते. काही क्षणांत एका भागातलं मेण चमकू लागतं, ओलसर होतं. तेवढाच भाग मऊ कागदाने पुसायचा. काळ्यातून लाल पट्टा निघतो, त्याच्या आत केशरी कड, कडेच्या आत पिवळे त्रिकोण आणि सर्वांत आत ती पहिली पांढरी रेघ, पहिल्या दिवसाइतकी पांढरी. पुन्हा तापवायचं, पुन्हा पुसायचं, बोटभर बोटभर पुढे जात.

नक्षीलाही अर्थ आहेत. गव्हाची ओंबी सुगीसाठी, सूर्य, हरिण, सूचिपर्णी झाडाची फांदी, आणि अंड्याभोवती कुठेच न तुटता फिरणारी नागमोडी रेघ. एका प्रसिद्ध रचनेत सगळं अंडं चाळीस त्रिकोणांत विभागतात आणि ख्रिस्ती परंपरेत ते उपवासाच्या चाळीस दिवसांशी जोडतात. कार्पेथियन डोंगरांतल्या हुत्सूल लोकांत एक कथा सांगतात: दुष्ट शक्ती साखळदंडांनी बांधून ठेवलेली आहे, आणि ज्या वर्षी पिसांका कमी होतील त्या वर्षी तिच्या साखळ्या सैल होतील. सोव्हिएत काळात धर्माशी नातं असलेल्या या कलेवर दडपण आलं. तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या युक्रेनी घरांनी ती जपली, विशेषतः कॅनडा आणि अमेरिकेतल्या. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात व्हेग्रेव्हिल या गावी १९७५ साली ॲल्युमिनियमची एक प्रचंड पिसांका उभारली गेली. अंड्याचा दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग सपाट तुकड्यांतून कसा जोडायचा हे गणित अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले रॉन रेश यांनी संगणकाच्या मदतीने सोडवलं. युक्रेनमध्ये कोलोमिया शहरात २००० सालापासून पिसांकांचं संग्रहालय आहे, त्याच्या इमारतीचा एक भागच अंड्याच्या आकाराचा. आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांच्या नावे.

ज्यांना आग आणि मेण नको असेल त्यांच्यासाठी चिकटकाम आहे. चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया प्रदेशातल्या हाना भागात जवाची काडं भिजवून, उभी चिरून, चपटी करून त्यांचे लहान तुकडे गडद अंड्यावर चिकटवतात. सोनेरी चटईची वीण असावी तसं दिसतं. आपल्याकडे गव्हाची काडं चालतील.

राहता राहिला टिकवण्याचा प्रश्न. कच्चं अंडं तसंच ठेवण्याची युक्रेनी रीत मुंबई-कोकणच्या हवेत मी सुचवणार नाही. उष्म्याने आत वायू साठला तर अंडं फुटतं आणि त्याचा वास दिवसेंदिवस जात नाही. त्यापेक्षा अंडं आधीच रिकामं करावं. दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडायचं, एक भोक जरा मोठं. सुई आत फिरवून बलक मोडायचा आणि बारीक भोकाला बिनसुईची सिरिंज टेकवून हवा सोडायची. तोंडाने फुंकायचं टाळावं. जे बाहेर येईल त्याची लगेच भुर्जी. मग सिरिंजनेच आत पाणी सोडून खळखळून काढायचं आणि दोन दिवस पालथं वाळवायचं. भोकं मेणाने बुजवली की पुढचं काम सुरू. रिकामं अंडं रंगात तरंगतं, त्यामुळे त्याच्यावर पाण्याने भरलेली छोटी वाटी दाबून ठेवावी लागते. मेण पुसून झाल्यावर भोकं पुन्हा मोकळी करावीत, म्हणजे आत ओल राहणार नाही. वरून तेलाच्या वॉर्निशचा हात द्यावा; पाण्यात विरघळणारं वॉर्निश लावलं तर रंग सुटून पसरतात. हळद आणि कोबीचे रंग उन्हात लवकर उडतात, तेव्हा ती अंडी खिडकीपासून लांब, अंड्यांच्याच पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवावीत आणि पावसाळ्यात ट्रे कपाटाच्या वरच्या, कोरड्या खणात हलवावा.